तालुक्याच्या दिवाणी वकिलाचा अनुभव कसा जोखायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चुलतभावाने वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा तालुक्याच्या कोर्टात लावलाय. समन्स गावच्या घरी आईने सही करून घेतलं, त्याला अठरा दिवस झाले. तुम्ही नोकरीनिमित्त हिंजवडीला असता. गावातल्यांनी तालुक्याच्या एका वकिलांचं नाव सुचवलंय. त्यांच्या पाटीवर बी.ए., एलएल.बी., नोटरी आणि खाली दिवाणी, फौजदारी, महसूल, सहकार असं सगळंच लिहिलेलं आहे. पुण्याच्या मेहुण्यांचं म्हणणं, जो सगळं करतो त्याला धड काहीच येत नसतं, इथून चांगला वकील घेऊन जा. तर या वकिलांची व्यावसायिक पार्श्वभूमी तपासायची कशी?

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी १९९८ पासून वकिली करते. काम मुख्यतः दिवाणी: वाटप, हद्द, रस्ता, विहिरीचं पाणी, खरेदीखत रद्द करून मागणं, ताबा. अशीच एक पाटी माझ्याही दारावर आहे, त्यामुळे तिच्यावरून काय कळतं आणि काय कळत नाही, हे सांगू शकेन. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत आणि त्या वकिलांना मी ओळखत नाही. दाव्याचं काय होईल हे मी सांगणार नाही, आणि कुणी कागद न बघता सांगितलं तर ऐकू नका. माणूस कसा पारखायचा, तेवढं सांगते.

तुम्ही पदवी आणि पाटीबद्दल विचारलंय, पण तुम्हाला हवं असलेलं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं आहे. या माणसाने वाटपाचे दावे कैफियतीपासून (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर) हुकूमनाम्यापर्यंत आणि पुढे दरखास्तीत (हुकूमनाम्याची अंमलबजावणी) प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंत स्वतः चालवलेत का? आणि तुमच्या भागातल्या जमिनीचे कागद त्याला वाचता येतात का? माझ्या अनुभवात दिवाणी वकिलाची पार्श्वभूमी म्हणजे या दोन गोष्टी. बाकीचं त्यामानाने किरकोळ.

पदवीचं आधी उरकते. पदवीनंतरचा तीन वर्षांचा किंवा बारावीनंतरचा पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, मग महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेची, सनद (वकिलीचा परवाना). २००९-१० पासून पुढे पदवी घेतलेल्यांना अखिल भारतीय बार परीक्षाही द्यावी लागते. सनद हातात पडली की कायद्याने तो वकील दुसऱ्या दिवशी कोणताही दावा चालवायला मोकळा. सनदेआधी सक्तीचं प्रशिक्षण घ्यायचे बार कौन्सिलचे नियम सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये रद्द केले. डॉक्टरांमध्ये हाडांचा, डोळ्यांचा अशी वेगळी पदवी असते, तसं वाटपाचा वकील अशी पदवी आमच्यात नाही. म्हणजे मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजची पदवी आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सकाळच्या वर्गांना बसून मिळवलेली पदवी, दोन्हींवरून तुमच्या कामापुरतं फारसं काही कळत नाही.

पाटीवरूनही नाही. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाने पाटीवर आपण अमुक प्रकारच्या कामात विशेष तज्ज्ञ आहोत असं लिहायचंच नसतं. त्यामुळे पाटीवर काय आहे आणि काय नाही, त्यावरून माणूस मोजू नका. नोटरी या शब्दाचा अर्थ एवढाच की नेमणुकीच्या वेळी त्यांची साधारण दहा वर्षांची वकिली झालेली होती (काही वर्गांना आणि महिलांना सात). ती कशाची होती, हे त्यातून कळत नाही. आणि तालुक्याला सगळी कामं घ्यावीच लागतात. सोमवारी जामीन, मंगळवारी तहसीलला रस्त्याची केस, बुधवारी सोसायटीच्या वसुलीचा वाद. पुण्यात एकाच प्रकारच्या कामावर ऑफिस चालतं, तालुक्यात नाही. मेहुण्यांच्या बोलण्यात तथ्य एवढंच की सगळं घेणाऱ्यांतला प्रत्येक जण दिवाणीत मुरलेला नसतो. काहींचं मन फौजदारीत असतं. दिवाणी फाईल ते फक्त तारखेला उघडतात.

मग मुरलेला कोण, हे कसं कळायचं? पहिला प्रश्न असा विचारा: "साहेब, तुम्ही सुरुवातीला कुणाच्या हाताखाली काम केलंत, आणि किती वर्षं?" आमच्याकडे खरं शिक्षण सिनियरच्या ऑफिसात होतं. कुणाला हा प्रश्न आगाऊ वाटत नाही. उलट जुने वकील त्यावर तास-तास बोलतात.

मी सात वर्षं एकाच सिनियरकडे होते. पहिली दोन वर्षं पगार नव्हता. प्रतिज्ञापत्रं लिहून जे मिळेल ते. साहेबांची एक शिस्त होती, फाईल मागून वाचायची. आधी सातबारा, फेरफार (जमिनीचे हक्क बदलल्याच्या नोंदी), खरेदीखतं, मोजणीचे नकाशे. सगळ्यात शेवटी पक्षकाराने सांगितलेली हकीकत. ते म्हणायचे, हकीकत आधी ऐकलीस तर कागदात तीच दिसायला लागते. मला रोज संध्याकाळी एका गटाचे १९५० पासूनचे सगळे फेरफार एका मोठ्या कागदावर क्रमाने लिहून काढायला लावायचे: कोण वारलं, वारस कोण लागले, कुणाचं नाव गळलं, कुठे कर्जाचा बोजा चढला, कुठे कमी झाला. सहा महिन्यांनी मला कळलं की अर्धे दावे त्या कागदावरच सुटतात. गळलेलं एक नाव सापडलं की भांडण कुठून सुरू झालं ते दिसतं.

तुमच्या वकिलांनी अशी उमेदवारी केलीय का, हे पहिल्या बैठकीत दिसेल. सातबारा, आठ-अ, सगळे फेरफार, असतील ती खरेदीखतं आणि दाव्याची नक्कल घेऊन जा. आणि ते काय विचारतात ते ऐका.

वाटपाच्या दाव्यात मुरलेला वकील सगळ्यात आधी कोरा कागद घेऊन वंशावळ काढायला बसतो. मूळ पुरुष कोण, त्याला मुलं किती, मुली किती, कोण कधी वारलं. तुम्ही चुलत्यांबद्दल सांगत असताना तो मध्येच थांबवून विचारेल, "आत्या किती? हयात आहेत का? हक्कसोडपत्र दिलंय का, आणि दिलं असेल तर नोंदणी झालीय का?" चुलतभावाने दाव्यात आत्यांना सामीलच केलं नसेल, तर आवश्यक पक्षकार नाहीत ही हरकत कैफियतीत पहिल्याच दिवशी यायला हवी. मुलींच्या हक्काचा कायदाही गेल्या काही वर्षांत बदलत गेलाय. महाराष्ट्राने १९९४ मध्ये दुरुस्ती केली, मग ९ सप्टेंबर २००५ ची केंद्राची दुरुस्ती आली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा प्रकरणात ठरवलं की मुलीचा हक्क जन्माने आहे, त्या तारखेला बाप हयात असायलाच हवा असं नाही. हा निकाल ज्याला माहीत नाही, त्याने गेल्या पाच वर्षांत वाटपाचा दावा गांभीर्याने चालवलेला नाही असं समजा.

दुसरा प्रश्न तो विचारेल तो पूर्वीच्या वाटपाचा. "तुमचे वडील आणि चुलते वेगळे कधी झाले? त्याचा कागद आहे का?" आमच्याकडे वाटप बहुतेक वेळा तोंडी होतं. म्हातारा दोन पोरांना बांधावर उभं करून सांगतो, इथपासनं तुझं, तिथपासनं त्याचं. वरच्याच निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की तोंडी वाटपाचा बचाव सहजी मानायचा नाही. सार्वजनिक कागदपत्रांचा भक्कम आधार असेल तरच, तेही अपवाद म्हणून. म्हणून जाणता वकील लगेच आधाराच्या मागे लागतो. विकास सोसायटीचं कर्ज कुणाच्या नावावर उचललं? कारखान्याला उसाची नोंद कुणाची? विहिरीवरच्या मोटरचं वीजबिल कुणाच्या नावावर येतं? तलाठ्याकडे पीकपाहणी कशी लागत गेली? तहसीलदारांपुढे वाटपाचा अर्ज कधी झाला होता का? हे प्रश्न पुस्तक वाचून सुचत नाहीत. ते दहा-वीस दावे अंगावरून गेल्यावरच सुचतात.

तिसरं, जमीन आजोबांकडे आली कशी. आमच्या भागात पुष्कळ जमिनी कुळकायद्याने आलेल्या आहेत. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारं कूळ मालक धरलं गेलं आणि मग त्या कायद्याच्या कलम ३२ ग खाली किंमत ठरून ३२ म चं खरेदीचं प्रमाणपत्र मिळालं. ते प्रमाणपत्र थोरल्या भावाच्या एकट्याच्या नावावर निघालं असेल, तर ती जमीन त्याची स्वतःची की एकत्र कुटुंबाची, यावर वर्षानुवर्षं भांडण चालतं. शिवाय कूळ आहे की नाही हा मुद्दा निघाला, तर तो दिवाणी कोर्टाला स्वतः ठरवता येत नाही. कुळकायद्याच्या ८५ अ कलमाप्रमाणे तो तहसीलदारांकडे निर्णयासाठी पाठवावा लागतो. यात दोन-चार वर्षं सहज जातात. तुमच्या वकिलांनी सातबारा हातात घेतल्या घेतल्या "इतर हक्कात काय लिहिलंय" म्हणून उजवीकडच्या रकान्यावर बोट ठेवलं, तर एक गुण त्यांच्या खात्यात टाका.

चौथी गोष्ट मला स्वतःला चुकून शिकायला मिळाली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

२००३ मध्ये एका विधवा बाईंसाठी मी ताब्याचा दावा लिहिला. शेजाऱ्याने बांध फोडून चौदा गुंठे नांगरात घेतले होते. जमिनीचं वर्णन आणि चतुःसीमा मी १९६१ च्या खरेदीखतावरून जशीच्या तशी उतरवली: पूर्वेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट वगैरे. जागेवर गेले नाही. दावा चालला, आम्ही जिंकलो, बाईंनी पेढे वाटले. मग दरखास्त लावली. बेलिफ ताबा द्यायला गेले आणि पंचनामा लिहून परत आले: हुकूमनाम्यात नमूद चतुःसीमेप्रमाणे मिळकत जागेवर मिळून येत नाही, सबब ताबा देता आला नाही. ओढ्याचं पात्र मधल्या काळात सरकलं होतं. गाडीवाट मोडून ऊस लावलेला होता. आणि एकत्रीकरण योजनेत जुन्या दोन सर्व्हे नंबरांचा मिळून एक गट झाला होता, त्याची नोंद माझ्या दाव्यात कुठेच नव्हती. मग मोजणी आणली, वर्णन दुरुस्तीचा अर्ज केला, समोरच्यांनी त्यालाही हरकत घेतली. ताबा मिळेपर्यंत आणखी चार वर्षं गेली. बाई त्या चार वर्षांत प्रत्येक तारखेला कोर्टाच्या पायरीवर येऊन बसायच्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. तेव्हापासून मी जमीन पायाखालून घातल्याशिवाय दावा किंवा कैफियत लिहीत नाही.

म्हणून विचारा: "साहेब, जागा बघायला कधी याल?" वाटपाच्या दाव्यात प्रतिवादीच्या वकिलानेही जायला हवं. कुठली बाजू बागायत, विहीर कुणाच्या तुकड्यात, घर कुठे, वाट कुठून, हे कळल्याशिवाय तुमच्या वाट्याला काय मागायचं हे ठरत नाही. "कागद द्या, बस झालं" असं उत्तर आलं तर मला काळजी वाटेल. आणि दरखास्ती किती चालवल्यात, हेही विचाराच. वाटपाच्या दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो, त्यात फक्त हिस्से ठरतात. शेतसारा आकारलेल्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे कलेक्टरकडे, म्हणजे व्यवहारात तहसील आणि भूमी अभिलेखकडे जातं. निकाल हातात आला म्हणजे जमीन हातात आली असं होत नाही. तिथे तालुक्याचा वकील रोज त्याच कचेऱ्यांत वावरत असतो. गटबुक, फाळणीचा नकाशा, टिपण, गुणाकार बुक या मोजणीच्या जुन्या कागदांतला कोणता उतारा कुठल्या टेबलावर मिळतो, हे त्याला पाठ असतं.

आता पुण्याच्या वकिलाचं. मी त्यांच्या विरोधात नाही. काही प्रकारच्या कामांना, समजा मोठा बांधकाम करार, कंपनीतली भागीदारी, ट्रस्टचा गुंतागुंतीचा वाद, मी स्वतः पक्षकाराला जिल्ह्याला किंवा पुण्याला पाठवते. पण शेतजमिनीच्या वाटपात दोन गोष्टी आड येतात. एक म्हणजे तारखा. तालुक्याच्या कोर्टात कामकाज कधी पुढे जाईल, कधी साक्षीदार हजर राहील, याचा नेम नसतो. पुण्याहून येणारा वकील चार वेळा आला आणि तीन वेळा नुसती पुढची तारीख मिळाली, तर खर्च तुमच्याच माथ्यावर. दुसरी गोष्ट भाषेची.

मी ज्युनियर असताना एका दाव्यात समोर बाहेरचे एक ज्येष्ठ वकील होते. कायद्याचा अभ्यास फार मोठा. त्यांचा लेखी युक्तिवाद मी अजून जपून ठेवलाय, त्यातून खूप शिकले. पण उलटतपासात सत्तर वर्षांच्या शेतकऱ्याला त्यांनी विचारलं, "सदर मिळकतीचा उपभोग आपण कोणत्या हक्काने घेत आहात?" म्हातारे न्यायाधीशांकडे बघत राहिले. तो मुद्दा तसाच राहिला. नंतर आमच्या बाजूने साहेब उठले.

"आबा, तुमचा ऊस कारखान्याला कुणाच्या नावानं जातो?"

"माझ्याच की."

"आणि थोरल्या बंधूंचा?"

"त्येंच्या नावानं."

"कधीपासनं?"

"आमचा बाप हुता तवाच वायलं झालतो आम्ही."

न्यायाधीशांनी वर बघितलं आणि ते वाक्य जसंच्या तसं जबाबात उतरवून घेतलं. दावा त्या एका उत्तरावर फिरला. १९९८ पासून आपल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, पण ती लेखी मराठी. पक्षकाराचं "वायलं होणं" आणि कायद्यातलं "विभक्त होणं" यांना जोडणारा माणूस तुम्हाला हवाय.

परवडत असेल तर मधला मार्ग आहे, आणि आमच्याकडे तो रूढ आहे. वकीलपत्र तालुक्याच्या वकिलांचं, कैफियतीचा कच्चा मसुदा जिल्ह्याच्या एखाद्या मुरलेल्या दिवाणी वकिलांना दाखवून घ्यायचा, आणि शेवटच्या युक्तिवादापुरता सिनियर आणायचा. चांगला तालुका वकील याला कमीपणा मानत नाही. अपिलाचाही विचार आत्ताच करून ठेवा. तालुक्याच्या निकालावर जिल्हा न्यायालयात तीस दिवसांत अपील, आणि तिथून पुढे दुसरं अपील हायकोर्टात. तुमचं गाव सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यात असेल, तर ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही; कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालंय.

गावात न विचारता तपासण्यासारखंही बरंच आहे. वकीलपत्राच्या फॉर्मवर सनद क्रमांक असतो, त्याच्या शेवटी सनदेचं वर्ष असतं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तालुक्याचं कोर्ट निवडून वकिलाच्या नावाने शोधता येतं. त्यात त्यांचे किती दिवाणी दावे चालू आहेत, किती निकाली झालेत, दरखास्ती आहेत का, हे दिसतं. काही निकालपत्रंही उघडतात. दोन-तीन वाचा. पण जिंकले किती आणि हरले किती यावर मत बनवू नका. दिवाणीत पुष्कळ प्रकरणं तडजोडीने, लोकअदालतीत संपतात, आणि चांगली तडजोड हे चांगल्या वकिलाचं काम असतं. निकालपत्रात हे बघा: साक्षीदाराला त्यांनी काय विचारलं होतं आणि न्यायाधीशांनी त्यातलं काय उचललं.

आणि एक दिवस रजा काढून कोर्टात जाऊन बसा. दिवाणी कोर्ट सगळ्यांना खुलं असतं, मागच्या बाकावर बसायला कुणाची परवानगी लागत नाही. अकराला बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी, पुकारायला सुरुवात होते. ते वकील वेळेवर उभे राहतात का, फाईल उघडून बोलतात की नुसता मुदतीचा अर्ज सरकवतात, शिरस्तेदार-बेलिफांशी कसे बोलतात, आत काय घडलं ते आपल्या पक्षकाराला बाहेर व्हरांड्यात समजावून सांगतात का. दोन तासांत तुम्हाला माझ्या या सगळ्या लिखाणापेक्षा जास्त कळेल.

लहान गावात आणखी एक गोष्ट असते, ती शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. सगळे सगळ्यांना ओळखतात. त्या वकिलांनी पाच वर्षांपूर्वी तुमच्या चुलत्यांचं मृत्युपत्र लिहिलेलं असू शकतं, किंवा याच दाव्याच्या आधी चुलतभाऊ त्यांच्याकडे सल्ला घ्यायला गेलेला असू शकतो. याच वादाबद्दल त्यांनी समोरच्यांना सल्ला दिलेला असेल, तर बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे त्यांनी तुमचं काम घ्यायचं नसतं. पहिल्याच भेटीत सरळ विचारा, "समोरच्यांचं काही काम तुम्ही कधी केलंय का?" प्रामाणिक वकील ओळखपाळख असेल तर स्वतःहून सांगतो. नुसती ओळख किंवा लांबचं नातं म्हणजे अडचण नव्हे. आमच्या बार रूममध्ये सकाळी एकमेकांच्या डब्यातलं खाऊन दुपारी आम्ही एकमेकांविरुद्ध घसा फोडतो. ते पाहून पक्षकार घाबरतात, "आमचे वकील समोरच्याला सामील झाले" म्हणतात. तसं नसतं. उलट अशा ओळखीमुळेच तडजोडीचं बोलणं सुरू होऊ शकतं.

फीबद्दल दोनच गोष्टी. टप्प्याटप्प्याने ठरवून घ्या: कैफियत आणि तात्पुरत्या मनाईपर्यंत किती, पुराव्याला किती, युक्तिवादाला किती. नकला, मोजणी फी, कोर्ट कमिशनरचा खर्च हे वेगळं असतं. आणि कुणी "आत्ता काही देऊ नका, जमीन मिळाली की त्यातला हिस्सा द्या" म्हणालं, तर नमस्कार करून उठा. वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळकतीत वाटा घ्यायला नियमाने मनाई आहे. मूळ खरेदीखतं स्वतःकडे ठेवा, वकिलांना नक्कल द्या; मूळ दाखल करायची वेळ येईल तेव्हा पोच घेऊन द्या. पुढे कधी वकील बदलावासा वाटला आणि फी थकली म्हणून फाईल अडवली गेली, तर २००० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की फीपोटी पक्षकाराचे कागद अडवून ठेवायचा हक्क वकिलाला नाही. फीसाठी त्याने वेगळा मार्ग धरावा.

भेटायला जाताना एवढं चिठ्ठीवर लिहून न्या: सिनियर कोण होते, वाटपाचे दावे शेवटपर्यंत किती चालवले, दरखास्त किती, जागा बघायला येणार का, समोरच्यांचं काम केलंय का, कागद घरी मोडीत असतील तर वाचायची सोय काय. हा शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. पणजोबांच्या काळातलं वाटणीपत्र ट्रंकेत मोडीत पडलेलं असतं आणि घरच्यांना ती जुनी रद्दी वाटते. मी दोन दाव्यांत असे कागद बघितलेत. एकात तर तोच कागद निर्णायक ठरला.

पण हे सगळं करायला तुमच्याकडे महिना नाही, आणि तुमच्या पत्रातली मला खरी अस्वस्थ करणारी ओळ ती अठरा दिवसांची आहे. आईने घरी समन्स घेतलं म्हणजे ते तुमच्यावर बजावलं गेलं असं कोर्ट धरू शकतं. बजावणीपासून कैफियत द्यायला तीस दिवस असतात. कारण नोंदवून कोर्ट ती मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकतं. त्याहून उशीर झाला तर कैफियतीशिवाय दावा पुढे चालवायचा हुकूम होतो आणि तो रद्द करून घ्यायला पुन्हा अर्ज, खर्च, विनवण्या. शिवाय अशा दाव्यासोबत बहुतेक वेळा नि. ५ ला (निशाणी ५, म्हणजे कोर्टाच्या फाईलमधला पाचवा कागद) तात्पुरत्या मनाईचा अर्ज असतो, आणि त्यावरचं म्हणणं पहिल्याच तारखेला मागतात. ते दिलं नाही तर एकतर्फी हुकूम होऊ शकतो.

म्हणून आधी समन्सवरची तारीख बघा. त्या तारखेला कुणीतरी तुमच्या वतीने उभं राहायलाच हवं. वकील पसंत पडले तर वकीलपत्र त्यांचं द्या. अजून ठरलं नसेल तर त्यांनाच सांगा की तूर्त हजर राहून मुदत घ्या, पुढचं आपण ठरवू. नंतर ना हरकत घेऊन वकील बदलता येतो. आणि आज संध्याकाळी आईला फोन करून विचारा: समन्ससोबत दाव्याची नक्कल आणि नि. ५ चा अर्ज मिळाला होता का, की एकच कागद हातात दिला? एकच कागद मिळाला असेल तर वकिलांना पहिल्या भेटीतच ते सांगा, म्हणजे वकीलपत्रासोबत दाव्याच्या आणि कागदांच्या नकला मिळण्याचा अर्ज त्याच दिवशी देता येईल.